बऱ्याच वर्षांनी ट्रम्पेट परत सुरू करताय? मग सेकंडहँड घेताना आवाजावर जाऊ नका, पिस्टनवर जा

मी शाळेच्या बँडमधे वाजवायचो, मग कॉलेजची तीन-चार वर्षं लग्नाच्या सीझनला एका ब्रास बँडबरोबर गिरगाव ते दादर फिरलो, मग नोकरी लागली, लग्न झालं (माझंच, दुसऱ्यांच्या लग्नात वाजवणं बंद) आणि ट्रम्पेट सुटला तो सुटलाच. एकवीस वर्षं. मागच्या वर्षी परत घ्यायचं ठरवलं तेव्हा वाटलं, काय कठीण आहे, जायचं, दोन-तीन वाजवून बघायचे, ज्याचा आवाज छान येईल तो उचलायचा. पहिल्याच ठिकाणी ट्रम्पेट तोंडाला लावला आणि जो आवाज आला तो ऐकून विकणाऱ्या माणसाने मान खाली घातली हो. दुसऱ्या ठिकाणी तेच. तिसऱ्या ठिकाणाहून घरी आल्यावर लक्षात आलं की तिन्ही ट्रम्पेट वेगळे होते पण आवाज एकच होता, कारण तो माझा होता.

तर मुद्दा हा. इतक्या गॅपनंतर ओठात काही राहिलेलं नसतं, त्यामुळे त्या दिवशी निघणाऱ्या आवाजावरून तुम्ही ट्रम्पेट पारखूच शकत नाही. आणि नेमकं याच कारणासाठी ट्रम्पेट चांगला लागतो. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, आपल्याला नाचता येत नाही हे तर नक्की आहे, पण त्यात अंगणही खरंच वाकडं निघालं तर कळणार कसं चूक कुणाची? सहा महिने घासायचं आणि मग समजायचं की दोन नंबरचा पिस्टन (बोटांनी दाबतो त्या तिघांतला मधला) हवा सोडत होता. म्हणून डोळ्याने, बोटाने आणि एका टॉर्चने जे तपासता येतं तेवढ्यावरच भरवसा ठेवायचा. ओठ काय बोलतायत ते सध्या बाजूला.

बघायला जाताना खिशात काय हवं ते आधी सांगतो: स्वतःचा माउथपीस (ओठ टेकवायची छोटी वाटी) असेल तर तो, पातळ व्हॉल्व ऑइलची (पिस्टनमधे घालायच्या तेलाची) छोटी बाटली, मलमलचा किंवा जुन्या धोतराचा तुकडा, पेन टॉर्च, मोबाईलवर ट्यूनर (सूर बरोबर लागतोय का ते दाखवणारं अ‍ॅप). माउथपीस नसेल तर साधा ७सी साइजचा विकत घ्या, दुसऱ्याचा तसाच तोंडाला लावू नका, बॉक्सात वर्षानुवर्षं पडलेल्या माउथपीसच्या आत काय असतं ते मी इथे लिहीत नाही, तुम्ही जेवत असाल.

आता पिस्टन. ट्रम्पेटमधे पैसे कुठे जातात तर इथे. तीन पिस्टन आणि त्यांच्या तीन नळ्या (केसिंग म्हणतात), यांच्यातली फट इतकी बारीक असते की तेलाचा पातळ थर ती भरून काढतो. वापरून, धुळीने, न पुसता ठेवून ती फट वाढली की हवा एकीकडून दुसरीकडे निसटते. मग आवाज घुसमटल्यासारखा येतो, सूर जागेवर बसत नाही, वर जायचं म्हटलं की दम निघतो. हे दुरुस्त होत नाही असं नाही, पिस्टनवर नवा मुलामा चढवून परत घासून बसवतात, पण ते काम बारीक आणि महाग, साध्या स्टुडंट ट्रम्पेटला त्याच्यापेक्षा दुसरा ट्रम्पेट स्वस्त पडेल.

तपासायचं कसं? विकणाऱ्याला विचारून तिन्ही पिस्टन एकेक करून बाहेर काढा (एका वेळी एकच, आणि त्याच नळीत परत, यावर पुढे एक किस्सा आहे), कपड्याने पुसा, तुमचं पातळ तेल घाला. पुसायचं कारण असं की जाड तेल भरलं की थकलेला पिस्टनही अर्धा तास शहाण्यासारखा वागतो, मग तो मुद्दाम भरलेला असो की अजाणता. पुसताना पिस्टनचा रंग बघा. बऱ्याच स्टुडंट मॉडेलच्या पिस्टनवर निकेलचा मुलामा असतो, तो चांदीसारखा चकचकीत हवा, मधे पिवळसर-तांबूस पट्टे दिसत असतील तर मुलामा गेला. काही पिस्टन मोनेलचे असतात, म्हणजे निकेल-तांब्याचा मिश्रधातू, ते थोडे मंद राखाडी दिसतात, त्यावर मुलामा नसतो त्यामुळे तो उडण्याचा प्रश्न नाही, पण उभे ओरखडे आहेत का ते बघाच.

मग ही टेस्ट, हिला काही खर्च नाही. प्रत्येक पिस्टनला एक आत-बाहेर सरकणारी वळलेली नळी असते, ती स्लाइड. तिसरी स्लाइड, पिस्टन न दाबता, इंचभर बाहेर ओढा. दहा सेकंद तशीच धरा. आता तिसरा पिस्टन दाबा. ‘पॉक्’ असा आवाज आला की समजायचं आत हवा बंद राहिली होती, पिस्टन घट्ट आहे. काहीच आवाज नाही म्हणजे दहा सेकंदात बाहेरची हवा गुपचूप आत शिरली. हेच पहिल्या स्लाइडला करा, दुसरीला करा. दुसरी स्लाइड छोटी असते, पॉक् पण छोटा येतो. स्लाइड स्वतःच सैल असली तरीसुद्धा पॉक् येत नाही, म्हणून थोडं ग्रीस लावून परत एकदा बघा आणि मगच निकाल द्या. आणखी एक, पिस्टन खाली दाबून धरा आणि बोटाखालची टोपी डावी-उजवीकडे हलवून बघा. किंचित हलते ती चालते, खडखड हलत असेल तर नको.

दाबल्यावर पिस्टन सरळ खाली जाऊन टुणकन वर यायला हवा, आणि बोट एका बाजूने तिरकं दाबलं तरी यायला हवा. खालून वर येताना टकटक आवाज येत असेल तर घाबरू नका, आतला फेल्ट (मऊ कापडी चकती) झिजलाय, तो किरकोळ खर्चात बदलतो. पण दोन नंबरचा पिस्टन अडकतोय आणि बाकी दोन मस्त आहेत असं असेल तर दुसरी स्लाइड नीट बघा. ती ट्रम्पेटच्या कडेला बाहेर आलेली असते, कुठे आपटला की मार तीच खाते आणि मागची नळी आत दाबते. बाहेरून पोचा दिसतही नाही कधीकधी. हे रिपेअरवाल्याचं काम आहे, तेल घालून सुटणारं नाही.

किस्सा म्हणालो तो हा. माहीमला एका अंकलकडे गेलो होतो, त्यांच्या मोठ्या भावाचा ट्रम्पेट, भाऊ गेले, पेटी कपाटावर. अंकल म्हणाले, “बाबा, ये तो खराब है, हवा ही नहीं जाती, शोपीस के लिए ले जा.” फुंकलं तर खरंच भिंतीत फुंकल्यासारखं. पिस्टन काढले तर एक नंबर तीनच्या जागी, तीन नंबर एकच्या. कुणीतरी साफ करून घाईत उलटे घातले होते. प्रत्येक पिस्टनवर नंबर कोरलेला असतो आणि त्याची भोकं त्याच नळीच्या भोकांसमोर येतात, दुसरीकडे घातला की रस्ताच बंद. अदलाबदल केली, थोडं फिरवून खटका बसला, फुंकलं, वाजला. अंकल खुर्चीतून उठले. आता तुम्ही म्हणाल गप्प बसून शोपीसच्या भावात उचलायचा ना, तर तो विचार दोन सेकंद आला, खोटं कशाला बोलू, पण वाजला तेव्हा आंटी किचनमधून बाहेर येऊन दारात उभ्या राहिल्या, मग काय बोलणार. तो त्यांनी विकलाच नाही शेवटी. पण तुम्हाला कुठे ‘हवा जात नाही’ म्हणून स्वस्तात दिसला तर आधी नंबर बघा, सगळेच मेलेले नसतात.

असे ट्रम्पेट मुंबईत आहेत पुष्कळ. इथे गोव्याच्या वादकांची मोठी परंपरा होती, चिक चॉकलेट, म्हणजे अँटोनियो झेवियर वाझ, ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजवायचे आणि आपल्या सी. रामचंद्रांच्या ऑर्केस्ट्रातही होते, असे कितीतरी ट्रम्पेटवाले हॉटेलांत आणि फिल्म स्टुडिओत रोज वाजवत होते. मग सिंथेसायझर आला आणि मोठ्या ऑर्केस्ट्राची गरजच कमी झाली. त्या लोकांची वाद्यं अजून वांद्रे, माहीम, धोबी तलावच्या घरांतून कपाटांवर पडून आहेत. म्हणून चर्चमधे वाजवणाऱ्या, शाळेचे बँड शिकवणाऱ्या, पोलीस किंवा नेव्हीच्या बँडमधून रिटायर झालेल्या माणसांना विचारत राहायचं, ऑनलाइन जाहिरातीपेक्षा तिथे चांगला माल निघतो आणि वर चहा मिळतो.

चोर बाजारात जायचं तर जा, मटन स्ट्रीटवर मजा येते, पण तिथे चकचकीत पिवळे जे टांगलेले असतात ना, त्यातले बरेच भिंतीवर लावायचे असतात, वाजवायचे नाहीत. पिस्टन दाबून बघितला की कळतं. मेरठचे ट्रम्पेटही खूप मिळतील, देशभरातल्या लग्नाच्या बँडना तिथूनच वाद्यं जातात, मीही पोरवयात तोच वाजवलाय, मिरवणुकीत ट्रक आणि ढोलाच्या वर आवाज काढायला तो बरा. पण मी बघितलेल्यांत एक पीस आणि दुसरा पीस यात जमीन-अस्मानाचा फरक होता, त्यामुळे नावावर न जाता तोच पीस तपासा. आणि बेलवर (पुढच्या कर्ण्यासारख्या तोंडावर) काय कोरलंय त्याच्यावर तर अजिबात जाऊ नका, कोरायला काय लागतं.

आता रोग. पितळेचं भांडं कळकतं ते आपल्याला माहीत आहे, हिरवट डाग येतो, घासला की जातो. ट्रम्पेटला त्याहून वाईट एक गोष्ट होते, रेड रॉट म्हणतात. साध्या पितळेत साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं. थुंकी आणि ओल वर्षानुवर्षं आत साचली की जस्त निघून जातं आणि तांब्याची भुसभुशीत जाळी मागे राहते. बाहेरून बघाल तर गुलाबी-तांबूस ठिपका, मधे कधी गडद टिंब. हा बाहेरून आलेला डाग नाही, आतून आलाय, घासून जात नाही, एक दिवस तिथे भोक पडतं. सगळ्यात आधी होतो तो लीडपाइपला, म्हणजे माउथपीस बसतो तिथपासून ट्युनिंग स्लाइडपर्यंतची (सगळ्या वाद्याचा सूर लावायच्या मोठ्या सरकत्या नळीपर्यंतची) सरळ नळी. ट्युनिंग स्लाइड काढा, एका टोकाने टॉर्च मारा, दुसऱ्या टोकाने बघा. आत गुळगुळीत दिसली तर छान, हिरवं शेवाळ दिसलं तर धुऊन निघेल, रस्त्यावरच्या खड्ड्यांसारखं दिसलं तर पेटी बंद करा आणि अंकलना थँक्यू म्हणा. काही कंपन्या लीडपाइपला जास्त तांब्याचं, लालसर पितळ वापरतात, ते या रोगाला जास्त टिकतं, पण त्याचा मूळ रंगच गुलाबी असतो, तो बघून घाबरू नका. सगळी नळी एकसारखी गुलाबी म्हणजे धातू तसा, ठिपके म्हणजे रोग.

बाहेरचं लॅकर (पारदर्शक वार्निश) उडालंय, हाताच्या घामाने काळं पडलंय, चांदीचा मुलामा काळवंडलाय, याचं काही नाही. समुद्राच्या हवेत होणारच. उलट भाव पाडायला बरं. बेलचा पोचा पण डोळ्याला खुपतो, आवाजाला फार नाही. पोचा माउथपीसच्या जितका जवळ तितका वाईट, लीडपाइपवर आणि ट्युनिंग स्लाइडच्या वळणावर असेल तर विचार करा.

स्लाइड चारही हलायला हव्यात. ट्युनिंग स्लाइड आणि तिसरी तर हव्यातच, तिसरी तर डाव्या हाताच्या बोटाने वाजवता वाजवता सरकायला हवी कारण खालचा डी आणि सी शार्प ट्रम्पेटवर चढेच लागतात, ती थोडी बाहेर टाकूनच ते सुरात येतात. जाम झालेली स्लाइड विकणाऱ्यासमोर पकड लावून ओढू नका, माउथपीस अडकला असेल तर तोही नाही. माउथपीस काढायचं वेगळं पुलर येतं, पकडीने पिळलात तर लीडपाइपच पिळवटतो. एका ऑनलाइन विक्रेत्याकडचा मी असाच बघितला, नळी जिलबीसारखी वळलेली, फोटोत ती बाजू बरोबर मागे होती.

यानंतर सूर. हे मला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून जरा सविस्तर. आपला नेहमीचा ट्रम्पेट बी फ्लॅटचा, म्हणजे काहीही न दाबता ट्रम्पेटचा सी वाजवला की हार्मोनियमवरची काळी पाच ऐकू यायला हवी. मोबाईलवर तानपुरा काळी पाचवर लावा आणि सी धरा. आता जुनी विलायती वाद्यं, बूझी अँड हॉक्स, बेसन वगैरे नावाची, बघायला राजबिंडी, मुंबईत अजून सापडतात. ब्रिटिश ब्रास बँड १९६० च्या दशकापर्यंत हाय पिचवर, म्हणजे चढ्या पट्टीत वाजवायचे, ए हा सूर ४४० हर्ट्झऐवजी साधारण ४५२ ला. त्या काळातलं तसं वाद्य हातात आलं तर त्याचा सी काळी पाच आणि पांढरी सातच्या बरोबर मधे कुठेतरी लटकतो, ट्युनिंग स्लाइड सगळी ओढली तरी खाली येताना मारामार, आणि आली तरी बाकीचे सूर आपापसात भांडतात. कपाटात ठेवायला सुंदर, कुणाबरोबर वाजवायला निरुपयोगी. फक्त एक लक्षात घ्या, थकलेले ओठ आवळून आपणही चढं वाजवतो, म्हणून दोन मिनिटं थांबून, सैल होऊन, परत परत बघा.

वाजवताना वर जाऊ नका. ते तसंही जमणार नाही. मधला जी, खालचा सी, आणि तिथून हळू आवाजात एकेक पायरी खाली, तिन्ही पिस्टन दाबून होणाऱ्या एफ शार्पपर्यंत. जोरात वाजवलं की गळती झाकली जाते, हळू वाजवलं की उघडी पडते. मग एक-दोन पिस्टन दाबून ई वाजवा, तोच ई फक्त तीन दाबून वाजवा, थोडा खाली लागेल पण फुटायला तितक्याच सहज हवा. दहा मिनिटं बास, पुढे ओठ खोटं बोलायला लागतात.

कुठला घ्यायचा? माझं मत विचाराल तर यामाहाची जुनी स्टुडंट मॉडेल, २३३५ सारखी, नाहीतर बाकचं टीआर ३००, नाहीतर कुणी सांभाळून वापरलेला ज्युपिटर. मला माहीत आहे मनात काय आहे, पंचवीस वर्षांपूर्वी जो परवडला नाही तो बाकचा भारीतला स्ट्रॅडिव्हॅरियस आता परवडतो. परवडतो हो. पण वर्षभर थांबा, तो कुठे पळून जात नाही, आणि आत्ता तुमच्या ओठाला दोघांतला फरक कळणारही नाही. सगळ्यात स्वस्तातला नवा कोरा घेण्यापेक्षा त्याच पैशात चांगला वापरलेला केव्हाही घ्या. मी घेतला तो यामाहाच, नेव्ही नगरच्या बाजूला एका रिटायर झालेल्या गृहस्थांकडून, अठरा म्हणाले, चौदा हजाराला दिला, वर दोन हजार साफसफाई, फेल्ट आणि वॉटर कीच्या बुचाला गेले. हा थुंकी काढायच्या चावीचा बूच नेहमी बघा, वाळलेला असतो, सुराची वाट लावतो, आणि बदलायला काही लागत नाही. रिपेअरवाला हवा असेल तर धोबी तलावच्या वाद्यांच्या दुकानांतून विचारा, व्हॉल्व ऑइलही तिथेच, फुर्ताडोस वगैरे आहेतच.

माउथपीसचा एक घोळ. बाकचा नंबर जितका लहान तितका कप मोठा, यामाहाचं बरोबर उलट, म्हणून यामाहाचा ११बी४ आणि बाकचा ७सी हे जवळपास सारखे आहेत. पूर्वी १½सी वाजवत होतात म्हणून आत्ताही तोच लावू नका, पाच मिनिटांत ओठ हात जोडतील. आणि मधल्या वर्षांत पुढच्या दातांना कॅप, ब्रिज असं काही झालं असेल तर माउथपीस जुन्या जागी बसत नाही, जागा नव्याने शोधावी लागते, त्याचं खापर ट्रम्पेटवर फोडू नका. कॉर्नेटचा (ट्रम्पेटच्या आखूड भावाचा) माउथपीस बॉक्समधे मिळाला तर तो बाजूला ठेवा, त्याची दांडी बारीक असते, ट्रम्पेटमधे खोल जाऊन बसतो आणि सूर बिघडवतो.

घरी आणल्यावर कोमट पाणी, भांड्याचं सौम्य लिक्विड आणि नळीतून फिरणारा लांब ब्रश. कडकडीत पाणी नको, लॅकर जातं. पितळेची भांडी घासायची पावडर लांब ठेवा, आमच्या आईने प्रेमाने घेतली होती हातात, वेळेत पोचलो. तिने लॅकर तर उतरतंच पण बारीक कण पिस्टनमधे गेले की ज्याच्यासाठी एवढी वणवण केली तेच घासलं जातं. पावसाळ्यात वाजवून झालं की पाणी काढा, माउथपीस वेगळा ठेवा, पेटीत सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या.

पहिला महिना रोज पंधरा मिनिटं, जेवढं वाजवलं तेवढीच मधे विश्रांती, लांब सूर, बस. बिल्डिंगमधे राहताय तर प्रॅक्टिस म्यूट (बेलमधे घालायचं आवाज दाबणारं बूच) घ्या, पण रोज तोच लावू नका, तो हवा अडवतो आणि जोर लावायची सवय लागते. मी संध्याकाळी सात ते सव्वासात म्यूटशिवाय वाजवतो, कपड्यांचं कपाट उघडून बेल आत शर्टांच्या रांगेत घालून. अर्धा आवाज तरी तिथेच जिरतो. सेक्रेटरी एकदा येऊन गेले, म्हणाले गणपतीत वाजवणार असाल तर चालू दे.